नववी जागा

१

सुनयनाबद्दल तिची आई ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असं म्हणायची, आणि एकेचाळिसाव्या वर्षी सुनयनाला स्वतःलाही ते पटलं होतं. वाचायची आवड दांडगी, पण वाचलेलं डोक्यात राहील तर शपथ. कादंबरी संपवून चार दिवस झाले की नायिकेचं नावही आठवायचं नाही. एकदा वाचनालयातून तिनं तेच पुस्तक तिसऱ्यांदा आणलं, आणि मजा अशी की तिसऱ्यांदाही शेवट तिला नवाच वाटला.

कादंबऱ्यांपुरतं हे चाललं असतं. पण कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत ती एकोणीस वर्षं सहायक होती, आणि वर चढायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागे. नियमांची सहा पुस्तकं, आणि संधी फक्त तीन. दोनदा ती नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर निवृत्तीपर्यंत तेच टेबल आणि तीच खिडकी, आणि तिनंच काम शिकवलेल्या माणसांसमोर फाइल घेऊन उभं राहायचं. याची तिला खरोखर भीती वाटत असे. ती कुणाला बोलून दाखवत नसे एवढंच.

दिल्लीच्या हिवाळ्यात सरकारी कचेऱ्या दुपारी रिकाम्या होतात आणि समोरच्या हिरवळी भरतात. एक ते दोन सगळे उन्हात. पुरुष शेंगदाणे सोलतात, बायका स्वेटर विणतात आणि सासवांबद्दल बोलतात. अशाच एका दुपारी, पंचाण्णव सालच्या जानेवारीत, रेकॉर्ड रूमचे दीनानाथ सबनीस तिच्या शेजारी येऊन बसले. तीस वर्षांपूर्वीच्या फाइलचा नंबर तोंडपाठ सांगणारा हा माणूस. तिनं त्यांना सरळच विचारलं, की काका, तुम्ही हे करता कसं?

“मनात एक घर घ्यायचं,” सबनीस म्हणाले. “त्यात बारा जागा ठरवायच्या. दारापासून सुरुवात, क्रम मोडायचा नाही. जे वाचलंस त्याचं एकेका जागी एकेक चित्र ठेवायचं. जितकं वेडगळ, तितकं बरं. आणि रोज डोळे मिटून एक फेरी मारायची.”

“एवढंच?”

“एवढंच. फक्त आत गेलीस की बाराही जागा करायच्या आणि आलीस त्याच दारानं बाहेर पडायचं. मध्येच डोळे उघडायचे नाहीत. आणि घर आपलं घे. दुसऱ्याच्या घरात आपलं सामान ठेवू नये, इतकं तर तुला कळतंच.”

सुनयनाचं तेव्हाचं घर म्हणजे दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. ती, नवरा विनायक दिघे आणि मुलगी निधी. पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांवर गाद्या, दारामागे सिलिंडर. त्या घरात एक सुई ठेवायला जागा नव्हती, तर नियमांची सहा पुस्तकं कुठं ठेवणार? पण गुडगावात ‘सह्यगिरी’ सोसायटीत त्यांनी फ्लॅट नोंदवला होता. दिल्लीतल्या मराठी नोकरदारांनी मिळून काढलेली सोसायटी. इमारत अजून खांबांवरच होती, पण नकाशा घरी भिंतीला लावलेला होता. विजेची बटणं कुठं येणार तेही त्यात ठिपक्यांनी दाखवलं होतं. मोकळंढाकळं, कुणी पाय न ठेवलेलं घर. सुनयनानं तेच घेतलं.

२

आणि काय सांगावं, जमलं.

दारात तिनं एका अवर सचिवांना पंधरा छत्र्या घेऊन उभं केलं, आणि दर सहामाहीला पंधरा दिवस हा अर्जित रजेचा नियम त्यानंतर कधी विसरली नाही. आत शिरताच अंधारा बोळ, डाव्या हाताला बटणांची पाटी. दुसरी जागा ती. मग डावीकडे स्वयंपाकघर, तिथं ओट्यावर बसून एक म्हैस प्रवासभत्त्याचं बिल खात होती. मग न्हाणीघर, मग खोल्या, मग हॉल. हॉलच्या टोकाला गॅलरीचं दार आणि दारापाशी भिंतीला लागून नववी जागा. तिथं तिनं एक वेताची खुर्ची ठेवली, डावा हात मोडलेली, सुतळीनं बांधलेली, आणि खुर्चीवर सेवापुस्तकांचा गठ्ठा. ही खुर्ची तिला कुठून सुचली कोण जाणे. चांगली दिसली म्हणून ठेवली.

रोज दीड वाजता हिरवळीवर ती डोळे मिटायची. हात आपले विणत राहायचे. एक सुलट, एक उलट. मैत्रिणींना वाटे ती टाके मोजतेय.

नोव्हेंबरात फ्लॅटची सोडत झाली. एका लहान मुलीनं डब्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि दिघ्यांना तिसऱ्या मजल्यावरचा ३०४ आला. नकाशातला होता ३०३. दोन्हींमध्ये एक भिंत सामाईक, आणि सगळं उलटं. याचं स्वयंपाकघर डावीकडे तर त्याचं उजवीकडे.

“काही फरक नाही,” विनायक म्हणाला. “आरशातलं घर मिळालं समज. चलो, मिळालं तर खरं.”

सबनीस त्याच महिन्यात निवृत्त होऊन पुण्याला निघाले होते. निरोपाच्या समोशांच्या वेळी तिनं त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मग मनातलं घरही बदल. सामान काढून घे तिथनं. ते आता दुसऱ्या कुणाचं होणार.”

सुनयना हो म्हणाली. पण दहा महिने खपून बसवलेलं सगळं उचलायचं, उलट्या घरात नव्यानं मांडायचं, म्हणजे ये रे माझ्या मागल्या. तिनं मनाशी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग काढू. भाड्याचं घर सोडतानाही माणूस असंच म्हणतो.

३

शहाण्णवच्या दसऱ्याला ते राहायला गेले. लिफ्ट चालू व्हायची होती. पाणी टँकरनं येई, आणि गॅलरीतून दूरवर सरसोची शेतं दिसत. सकाळी साडेसातला चार्टर्ड बस, संध्याकाळी साडेसहाला परत. सुनयना घरात शिरली की तिचा हात बोळातल्या डाव्या भिंतीकडे जायचा आणि कोऱ्या भिंतीवर थाप पडायची. बटणं उजवीकडे होती.

“अरे यार आई, बटण त्या साइडला आहे,” निधी हसायची. ती पंधरा वर्षांची होती आणि आईच्या चुका तिला फार आवडत. “तू कुठल्या घरात राहतेस?”

महिनाभरात हात वळला.

पंधरा दिवसांनी शेजारी ३०३ मध्ये घोरपडे आले. धैर्यशील घोरपडे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता एका नव्या कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. बायको कांता, आणि साताऱ्याकडून आणलेली म्हातारी आई भीमाबाई. भिंत साडेचार इंची. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या इकडे मोजता येत, आणि इकडचं निधीचं पाठांतर तिकडे ऐकू जात असणार. जिन्यात भेटल्या की कांता आणि सुनयना चार शब्द बोलायच्या. पण कामाच्या दिवसांत कुणी कुणाकडे जाऊन बसत नसे.

डिसेंबरात पहिली गोष्ट झाली, आणि ती इतकी किरकोळ होती की सुनयना दोन दिवसांनी विसरलीही. फेरीत बोळातून जाताना तिला भिंतीशी चपला दिसल्या. जुन्या, कातडी, अंगठ्याच्या. तिनं त्या ठेवल्या नव्हत्या. मन आहे, भर घालतं, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग वास येऊ लागला. रिकाम्या, कोऱ्या स्वयंपाकघरात म्हैस नेहमीसारखी बसलेली, आणि लसणाच्या फोडणीचा वास. हिरवळीवर शंभर डबे उघडलेले असतात, कुणाचा तरी येत असेल, हेही पटण्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट मात्र तिला समजावता आली नाही. नवव्या जागी, वेताच्या खुर्चीजवळ, फरशीवर पितळेचा तांब्या होता. तांब्यावर फुलपात्र पालथं घातलेलं. कुणी पाहुणा यायचा असला की ठेवतात तसं. तिनं तो मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता, आणि फुलपात्र नुकतंच धुतल्यासारखं ओलं होतं.

परीक्षा फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, रविवारी होती. घर बदलायला आता वेळ नव्हता.

४

संक्रांतीनंतरच्या शनिवारी कांतानं हळदीकुंकू केलं. मजल्यावरच्या सगळ्या बायका गेल्या. सुनयना ३०३ च्या दारात थबकली. या घराचा कोपरान्‌कोपरा तिला पाठ होता, आणि या घरात तिनं आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

बोळात जुन्या, कातडी, अंगठ्याच्या चपला होत्या.

हॉलमध्ये सतरंजीवर बायका बसल्या होत्या. एका भिंतीशी फौजेची हिरवी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. टोकाला गॅलरीचं दार, आणि दारापाशी वेताची खुर्ची. डावा हात मोडलेला, सुतळीनं बांधलेला. सुनयनानं मनाशी हिशेब जुळवला: यांचा ट्रक उतरत होता तेव्हा मी गॅलरीत होते, तेव्हा पाहिली असेल. मग तिला आठवलं की खुर्ची तिनं ट्रकच्या पावणेदोन वर्षं आधी ठेवली होती. हे आठवलं त्या क्षणी तिला वाटलं, घडा पालथा होता तेच बरं होतं.

भीमाबाई ट्रंकेला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सुनयनाकडे पाहिलं आणि ओळखीचं हसल्या.

“आज समद्या बायकांबरूबर आलीस व्हय? बस, बस.”

“आत्या, या शेजारच्या दिघेवहिनी,” कांता म्हणाली. सासूला ती आत्या म्हणे. “पहिल्यांदाच येतायत आपल्याकडं.”

“पहिल्यांदा कशी? रोज येती की.” म्हातारीचा आवाज अगदी साधा होता. “दुपारचं दीड वाजलं की येती. दारातनं येती, सैपाकघरात डोकावती, न्हाणीपाशी थांबती. तोंडानं काय काय पुटपुटती आन हितं खुर्चीपाशी थांबून पुढं जाती. कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. म्या म्हनलं, घरात आल्याली बाई, पानी तरी ठिवावं.”

बायका हसल्या. कांता ओशाळली. “वहिनी, मनावर घेऊ नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काय काय दिसतं त्यांना. दुपारी दीडला तुम्ही दिल्लीत असता, मी सांगते ना त्यांना.”

“असते,” सुनयना म्हणाली.

“मग विटकरी लोकर कुनाच्या हातात आसती?” भीमाबाईंनी विचारलं.

निधीचा स्वेटर विटकरी रंगाचा होता. तो सुनयना फक्त कचेरीत विणायची. घरी आणतच नसे, म्हणजे वाढदिवसाला निधीला नवल वाटावं. विनायकलाही रंग माहीत नव्हता. सुनयनानं तिळगूळ घेतला, वाण घेतलं, आणि सगळ्यांबरोबर हसत बाहेर आली. आपण त्या घरातून दारानं बाहेर पडलो, याचं तिला फार बरं वाटलं.

५

सोमवारी फेरी मारायची नाही असं तिनं ठरवलं होतं. पण दीड वाजला आणि ऊन पाठीवर आलं तसे डोळे आपसूक मिटले. दोन वर्षांची सवय, ती काय एका म्हातारीच्या बोलण्यानं जाते? आणि आत गेल्यावर सगळं नीट होतं. छत्र्या पंधरा. म्हैस जागच्या जागी. नियम एकापाठोपाठ एक येत होते, पूर्वीपेक्षाही स्वच्छ. तिला स्वतःचंच हसू आलं.

नवव्या जागी ती थांबली. सेवापुस्तकांचा गठ्ठा खुर्चीवर नव्हता. कुणीतरी तो उचलून नीट खाली ठेवला होता आणि खुर्ची पुसली होती.

“दमलीस व्हय, बाय,” तिच्या मागून, अगदी जवळून आवाज आला. “बस की वाईच.” आणि तिच्या खांद्यावर हात पडला. म्हातारा, ऊबदार हात. दाबत नव्हता, बसवत होता.

सुनयनानं डोळे उघडले.

हिरवळ होती. ऊन होतं. शेजारी कुणी संत्रं सोलत होतं. तिच्या हातातली सुई निसटली होती आणि वीसेक टाके सुटून खाली उसवत गेले होते.

“क्या हुआ, मिसेस दिघे? नींद आ गई?” कुणीतरी विचारलं.

“हां, बस यूँ ही,” ती म्हणाली. तिला एवढंच कळत होतं की आपण नवव्या जागेवरून परत आलो, आणि दारातून आलो नाही.

६

त्या दिवसापासून घडा पुन्हा पालथा झाला, आणि असा, की तळालाही ओल राहिना. आधी दहा, अकरा, बारा या जागांवरचे नियम गेले. आठवड्याभरात बाकीचेही गेले. मग तर वाचलेलं पान उलटेपर्यंत पुसलं जाई. चार्टर्ड बसमध्ये तिनं एकच परिच्छेद धौलाकुआँपासून कचेरीपर्यंत सात वेळा वाचला आणि उतरताना तो कशाबद्दल होता हे तिला सांगता येईना. ती रडली नाही. पण बसमधून उतरून तिथंच पाच मिनिटं उभी राहिली.

घरी विनायक म्हणाला, “टेन्शन घेतेस तू. नाही झाली पास तर काय आभाळ कोसळणार आहे?” तो प्रेमानंच म्हणाला, पण त्या रात्री ती त्याच्याशी फार बोलली नाही.

परीक्षेच्या आदल्या बुधवारी तिनं बूथवरून पुण्याला सबनिसांना फोन लावला. मीटरचे लाल आकडे पळत होते म्हणून तिनं थोडक्यात सांगितलं. म्हातारीचं सांगितलं नाही. फक्त मध्येच डोळे उघडले, म्हणाली.

“बाहेर आली नाहीस?”

“नाही.”

सबनीस लगेच म्हणाले, “मग परत जा आणि बाहेर ये. त्याला दुसरा इलाज काय असणार?”

“काका, आत कुणी असेल तर?”

“तुझ्या घरात तुझ्याशिवाय कोण असणार?” सबनीस म्हणाले. “घर तुझंच घेतलंयस ना?”

तिनं फोन ठेवला.

जिन्यात कांता भेटली. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, “वहिनी, एक सांगू? रागावू नका. आत्या म्हणतात, ती बाई आता जातच नाही. बसूनच असते खुर्चीवर. आत्यांनी खुर्चीवर बसणंच सोडलंय. सतरंजीवर बसतात. पायांना थंडी बाधते, पण ऐकतील तर ना. काल तर ताट वाढून ठेवलं होतं.”

“आणि ती करते काय?” सुनयनानं विचारलं. तिच्या तोंडून ते निसटलं.

“विणते म्हणे,” कांता म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

७

शनिवारी कचेरीला सुट्टी होती. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. विनायक परीक्षेचं केंद्र बघून यायला गेला होता. निधी हॉलमध्ये भूगोल घोकत होती. दीड वाजता सुनयना आतल्या खोलीत पलंगावर बसली, शाल लपेटली, आणि डोळे मिटले. भीती वाटत होती. पण आपलंच काहीतरी तिकडे राहिलंय आणि ते आणल्याशिवाय आपण पूर्ण नाही, हेही तिला तितकंच कळत होतं.

दारात अवर सचिव छत्र्या घेऊन उभे होते. त्यांनी तिला वाट दिली.

बोळात अंधार होता. डाव्या हाताला बटण. तिनं लावलं, लागलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, म्हैसही नव्हती. ओट्यावर झाकलेलं ताट होतं. न्हाणीघराचा नळ ठिबकत होता. एकेक जागा ती पुढे गेली, आणि कुठेच तिचं काही नव्हतं. खोल्या झाडून, आवरून ठेवल्यासारख्या.

हॉलमध्ये गॅलरीच्या दारातून ऊन येत होतं. नवव्या जागी खुर्ची तिच्याकडे पाठ करून होती आणि खुर्चीत बाई बसली होती. सुनयनाची राखी शाल, सुनयनाचा अंबाडा, अंबाड्यात एक काटा वाकडा. सुयांची टकटक चालली होती. विटकरी स्वेटर मांडीवरून खाली उतरून फरशीवर पसरला होता, हिरव्या ट्रंकेपर्यंत, आणि त्यात एकही टाका चुकलेला नव्हता. इतकं लांब कुणासाठी विणलं असेल, असा साधा प्रश्न सुनयनाच्या मनात आला.

ती बाई पुटपुटत होती. निलंबनकाळातला निर्वाहभत्ता. त्याचे पोटनियम. मग पुढचा. सगळे, ओळीनं, सहाच्या सहा पुस्तकं.

“चल,” सुनयना म्हणाली. “बाहेर जायचंय आपल्याला.”

बाईनं मान वळवली नाही. फक्त दोन्ही सुया एकत्र धरून, वीण पसरणार नाही अशा बेतानं, हात मागे केला. बसमधून उतरणारी बाई शेजारणीला म्हणते तशी म्हणाली, “जरा धर गं. टाके सुटतील.”

आता, ज्यांनी कधी विणलं नाही त्यांना हे समजायचं नाही. चालू विणकाम कुणी पुढे केलं की विचार करायचा नसतो, हात आपोआप जातात. सुनयनानं सुया धरल्या. वीण जड होती, उभ्यानं पेलवेना. खुर्ची रिकामी झाली होती. ती बसली.

बाई उठली, निऱ्या सारख्या केल्या आणि पुढे गेली. तिचं तोंड सुनयनाला दिसलं नाही; गॅलरीतलं ऊन डोळ्यांवर होतं. दहावी जागा. अकरावी. बारावी. प्रत्येक ठिकाणी ती थांबली, नियम म्हणाली, आणि बोळातून दाराकडे गेली. कडी निघाल्याचा आवाज आला. दार लागलं.

सुनयनानं डोळे उघडायचा प्रयत्न केला. ते उघडेच होते.

मग भिंतीतून, पलीकडून, पलंग करकरल्याचा आवाज आला. पावलं बोळात आली. अगदी जवळ, साडेचार इंचांवर, कुणाचा तरी तळवा कोऱ्या भिंतीवर थापटत होता. थप. थप. काहीतरी शोधत.

“अरे यार आई,” निधीचा आवाज आला, हसरा. “उजवीकडे! परत विसरलीस?”

तांब्यावरचं फुलपात्र उचलल्याचा आवाज झाला. भीमाबाई पाणी ओतत होत्या.

८

निकाल मे महिन्यात लागला. दिघेवहिनी खात्यात पहिल्या आल्या. पेढे घेऊन त्या स्वतः ३०३ मध्ये आल्या, पण आत बसल्या नाहीत. दारातूनच कांताच्या हातात पुडा दिला आणि गेल्या. भीमाबाईंनी त्यातला एक पेढा फुलपात्रावर ठेवला.

“खा, बाय. तुझ्याच घरचा हाय,” त्या म्हणाल्या.

भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येई. विनायक हल्ली जास्त हसायचा. निधीला विचारलेलं प्रत्येक उत्तर तिच्या आईला येत होतं. वर्तमानपत्रातली आठवड्यापूर्वीची बातमीही ती ओळ न चुकता सांगे. विटकरी स्वेटर वाढदिवसाला मिळाला नाही, आणि तो असायचा होता हे कुणाला माहीतच नव्हतं.

पण रोज संध्याकाळी साडेसहाला, चार्टर्ड बस येऊन गेली की, बोळातल्या भिंतीवर थाप पडायची. त्या एका थापेवर सुनयनाची सगळी भिस्त होती. कधीतरी विनायक थांबेल. कधीतरी तो म्हणेल, अगं, ही सवय तर तुझी दिवाळीलाच गेली होती. एकदा तो तसं म्हणालाही. सुनयनाच्या सुया थांबल्या.

“जाईल,” पलीकडून तिचाच आवाज म्हणाला. “नवं घर आहे. लागते सवय.”

“ते खरंय,” विनायक म्हणाला.

सुनयना ऐकत राहिली. जूनच्या सुरुवातीपासून थाप कधी कधी चुकू लागली. मग एक दिवसाआड. मग एका संध्याकाळी बस आली, कुलूप उघडलं, पावलं बोळात आली, आणि पलीकडच्या लांबच्या भिंतीवर बटण खट्‌कन लागलं.

महिनाभरात हात वळला.